मूत्रपिंडाचे दुखणे आणि हृदयाची काळजी : रक्तातल्या खुणांचा इतिहास



गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वय असेल चौतीस-पस्तीस. शाळेत असताना कबड्डीच्या संघात पुढे असायचा. आता चेहरा सुजलेला, डाव्या हातावर दोरीसारखी शीर वर आलेली. त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा तो एस.टी.ने तालुक्याच्या गावी जातो, चार तास यंत्राला हात देऊन पडून राहतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतो. त्याने पिशवीतून कागदांची चळत काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "गुरुजी, माझं दुखणं मूत्रपिंडाचं. पण डॉक्टर सारखं हृदय सांभाळा, हृदय सांभाळा म्हणतात. दर महिन्याला रक्त काढतात आणि हे आकडे हातात देतात. या आकड्यांत माझं काय लिहिलंय, ते तुम्ही तरी सांगा."

आता मी काही डॉक्टर नव्हे. मी इतिहासाचा मास्तर. पण एखादा प्रश्न कुठून आला, कुणी कुणी त्याच्याशी झटापट केली, कुठे फसले, हे कळले की तो प्रश्न पुष्कळसा उलगडतो, असा आमच्या धंद्यातला अनुभव आहे. म्हणून मी पुस्तके चाळली, जाणत्या डॉक्टरांना विचारले. जे हाती लागले ते त्याला सांगितले, आणि आज आपल्यालाही सांगणार आहे. कारण असा एखादा तरी रोगी आता बहुतेक गावांत असतो.

प्रथम मूत्रपिंडे करतात काय ते पाहू. मुठीएवढे हे दोन अवयव पाठीच्या बाजूला बरगड्यांखाली असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी ते रक्तातून गाळतात, त्यातले बहुतेक सगळे परत रक्तात घेतात, आणि लिटर-दीड लिटर मूत्र म्हणून बाहेर टाकतात. त्याबरोबर युरिया जातो, जास्तीचे मीठ जाते, पोटॅशियम, फॉस्फरस जाते. हे काम थांबले की सारा कचरा आणि पाणी अंगात साचते.

मूत्रपिंडाचा आणि हृदयाचा काही संबंध आहे, ही गोष्ट काल-परवाची नाही. लंडनमध्ये गाय्‌ज हॉस्पिटल नावाचे जुने रुग्णालय आहे. तेथे रिचर्ड ब्राइट नावाचे वैद्य होते. अंगावर सूज असलेल्या रोग्यांचे मूत्र ते चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवीत. अंड्याचा पांढरा भाग तापवल्यावर जसा गोठतो तसे ते मूत्र गोठले, म्हणजे त्यातून प्रथिन वाहून जात आहे आणि मूत्रपिंडे बिघडली आहेत, असे ते ओळखीत. १८२७ साली त्यांनी आपली निरीक्षणे छापली. रोगी दगावल्यावर ते शवविच्छेदन करून पाहत. १८३६ साली त्यांनी लिहिले की, अशा अनेक रोग्यांचे हृदय वाढलेले आणि जाड झालेले असते, आणि त्यांतल्या कित्येकांच्या हृदयाच्या झडपांत काहीही दोष नसतो. मग हृदय का वाढावे? ब्राइट यांनी दोन तर्क केले. एक तर बिघडलेले रक्तच हृदयाला नको इतके डिवचत असेल. किंवा त्या रक्तामुळे बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह अडत असेल आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागत असेल. रक्तदाब मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते, हे लक्षात घ्या. चमचा, मेणबत्ती आणि डोळे एवढ्या भांडवलावर या माणसाने पुढच्या दोनशे वर्षांचा प्रश्न मांडून ठेवला!

त्याच सुमारास रक्त हे मोजण्याची वस्तू बनू लागले होते. १८२१ साली प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी जिनीव्हात प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले की, मूत्रपिंडे काढली तर रक्तात युरिया साचतो. म्हणजे रक्तात डोकावले की मूत्रपिंडाची खबर मिळते. रक्तातल्या खुणांचा इतिहास येथून सुरू होतो म्हणायला हरकत नाही.

पण खबर मिळाली म्हणून रोगी वाचतो थोडाच! साचलेला कचरा काढायचा कसा? याचे मूळ सापडते ते टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाच्या कामात. १८६१ साली त्यांनी दाखविले की, एका विशिष्ट कागदाच्या पडद्यातून साखर, मीठ असले पदार्थ पाण्यात उतरतात, पण डिंकासारखे पदार्थ पलीकडेच राहतात. या क्रियेला त्यांनी 'डायलिसिस' हे नाव दिले. शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना सांगताना चक्क्याची आठवण करून द्या. दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते, चक्का राहतो. फरक एवढाच की, चक्क्यात वजनाने पाणी निथळते, आणि डायलिसिसमध्ये पडद्याच्या एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला पातळ द्रावण असल्यामुळे पदार्थ आपोआप दाटाकडून पातळाकडे जातात.

ही गोष्ट माणसाच्या उपयोगी पडायला आणखी ऐंशी वर्षे गेली. हॉलंडमध्ये विलेम कोल्फ नावाचे तरुण डॉक्टर होते. ग्रोनिंगेन येथे उमेदवारी करीत असताना मूत्रपिंडे निकामी झालेला एक बावीस वर्षांचा मुलगा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. दररोज थोडा युरिया बाहेर काढता आला असता तर हा वाचला असता, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. पुढे महायुद्ध आले, देश जर्मनांच्या ताब्यात गेला. कांपेन या लहानशा गावी, सामान मिळत नव्हते अशा दिवसांत, कोल्फ यांनी यंत्र रचले. सॉसेज भरायची सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपावर गुंडाळली, ते पिंप मिठाच्या पाण्याच्या टाकीत फिरवले, आणि रोग्याचे रक्त त्या नळीतून नेले. हे १९४३ सालचे. पहिले पंधरा-सोळा रोगी जवळजवळ सगळे गेले. तरी गड्याने हात टेकले नाहीत. १९४५ साली ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेत आणली होती. ती या यंत्रावर शुद्धीवर आली आणि पुढे सात वर्षे जगली.

मात्र यात एक मोठी अडचण होती. प्रत्येक वेळी रक्तवाहिनी नव्याने उघडावी लागे, आणि थोड्याच दिवसांत जागा संपत. म्हणजे तात्पुरता बिघाड असेल तर उपयोग. कायमचा असेल तर नाही. ही अडचण अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरी बेल्डिंग स्क्रिबनर यांनी सोडविली. टेफ्लॉनची नळी धमनीत आणि शिरेत कायमची बसवून ठेवायची, आणि एरवी दोन्ही टोके जोडून ठेवायची, ही त्यांची युक्ती. १९६० सालच्या मार्च महिन्यात क्लाइड शील्ड्स या यंत्र-कारागिराला अशी नळी बसविली. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी याहून सोपा मार्ग काढला : हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडायची. माझ्या विद्यार्थ्याच्या हातावर दोरीसारखी दिसते ती शीर अशीच तयार केलेली. तिला फिस्ट्युला म्हणतात.

यंत्रे थोडी, रोगी फार. १९६२ साली सिअ‍ॅटलला केंद्र निघाले तेव्हा कुणाला यंत्र द्यायचे आणि कुणाला नाही, हे ठरविण्यासाठी नागरिकांची एक समिती नेमावी लागली. जगायचे कुणी आणि मरायचे कुणी, हे सात माणसांनी टेबलाभोवती बसून ठरवायचे! यावर पुष्कळ गदारोळ झाला. अखेर १९७२ साली अमेरिकेने कायदा करून या उपचाराचा खर्च सरकारकडे घेतला. आपल्याकडे २०१६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर करून जिल्हा रुग्णालयांतून ही सोय नेण्यास प्रारंभ केला. महाराष्ट्रात महात्मा फुले यांच्या नावाच्या आरोग्य योजनेतही डायलिसिसचा समावेश आहे.

येथवर गोष्ट सरळ चालली. मूत्रपिंड गेले, यंत्र आले, माणूस वाचला. पण आता पुढे ऐका.

तो पहिला रोगी, क्लाइड शील्ड्स, सुमारे अकरा वर्षे जगला. अखेर गेला तो हृदयाच्या विकाराने. आणि हा एकट्याचा प्रकार नव्हता. १९७४ साली सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी, स्क्रिबनर त्यांतच होते, आपल्या ३९ रोग्यांचा हिशेब मांडला. त्यांतले २३ दगावले होते, आणि त्या २३ पैकी १४ जणांचा मृत्यू रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकारांमुळे झाला होता : कुणाला हृदयविकाराचा झटका, कुणाला मेंदूचा, कुणाचे हृदय थकले. स्वतःच्या यशाचा असा चोख आणि कडू हिशेब जगापुढे ठेवायला मोठे मन लागते. १९९८ साली अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दिसले की, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मरण्याचे प्रमाण डायलिसिसवरच्या रोग्यांत इतरांच्या मानाने दहा ते वीस पट आहे. तरुणांत तर फरक याहून कितीतरी अधिक. ऐन पंचविशी-तिशीतल्या रोग्याला धोका ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याएवढा!

"डॉक्टर हृदय सांभाळा का म्हणतात," याचे उत्तर हे. यंत्र मूत्रपिंडाचे सगळे काम करीत नाही. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत पाणी साचते, रक्तदाब चढतो, हृदय जाड होते. फॉस्फरस वाढतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत चुना धरतो. पोटॅशियम वाढले तर हृदयाचा ठोका अचानक चुकतो. ब्राइट यांचे दोन्ही तर्क फारसे चुकले नव्हते म्हणायचे.

मग धोका कुणाला अधिक, हे आधी कसे ओळखावे? येथे त्या चळतीतले आकडे येतात. मी एकेक खूण घेऊन सांगतो.

पहिली खूण अल्ब्युमिन. हे रक्तातले एक प्रथिन. १९९० साली अमेरिकेत बारा हजारांहून अधिक रोग्यांच्या तपासण्या जुळवून पाहिल्या, तेव्हा दिसले की, ज्यांचे अल्ब्युमिन कमी त्यांना मृत्यूचा धोका फार मोठा. अल्ब्युमिन उतरते ते उपासमारीने आणि अंगात मुरलेल्या दाहाने. आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टर डाळी, दूध, अंडी कमी करायला सांगतात. ते घरच्यांच्या मनात पक्के बसते. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र प्रथिने अधिक लागतात, कारण काही यंत्रातूनही जातात. पण घरी अजून जुनाच नियम चालू! रोगी वाळत जातो आणि घरचे म्हणतात, आम्ही पथ्य कडक पाळतो. तेव्हा डायलिसिस सुरू झाल्यावर आहार डॉक्टरांना नव्याने विचारून घ्या.

दुसरी खूण सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, कागदावर नुसते सी.आर.पी. म्हणून येते. १९३० साली न्यूयॉर्कला न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना हे सापडले. अंगात कोठेही दाह पेटला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडते. १९९९ साली जर्मनीत २८० डायलिसिस रोग्यांवर दोन वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा ज्यांचे सी.आर.पी. चढलेले त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कितीतरी पट अधिक झाले. म्हणजे वरवर बऱ्या दिसणाऱ्या माणसाच्या आत काहीतरी धुमसत असते.

तिसरी खूण फॉस्फरस, आणि येथे आपल्या देशाचा एक सुपुत्र आठवतो. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातल्या भीमावरम् गावी झाला. मद्रासला वैद्यक शिकून १९२३ साली ते अमेरिकेत बोस्टनला गेले. तेथे हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी रक्तातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसविली आणि १९२५ साली प्रसिद्ध केली. त्यात द्रावणाला निळा रंग येतो; रंग जितका गडद तितका फॉस्फरस अधिक. थोड्याशा रक्तावर आणि थोड्या वेळात होणारी ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत कित्येक दशके चालली. 'फिस्के-सुब्बाराव पद्धत' हे नाव जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. आपल्या शाळांतल्या मुलांनाही ठाऊक असावे.

या फॉस्फरसचा आणि मृत्यूचा संबंध १९९८ साली स्पष्ट झाला. निरोगी माणसाच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. अमेरिकेतल्या सहा हजारांवर रोग्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ज्यांचा आकडा ६.५ च्या वर त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी अधिक दिसला. आणि २००० साली एक फार अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. तरुण रोग्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांची क्ष-किरणांनी तपासणी केली, तर वीस ते तीस वर्षांच्या १६ जणांपैकी १४ जणांच्या वाहिन्यांत चुना धरलेला! क्षाराच्या पाण्याने बंबाच्या आत थर बसतो तो आपण पाहतो. शरीरात मात्र नुसता थर बसत नाही. जास्तीच्या फॉस्फरसमुळे वाहिनीच्या भिंतीतल्या पेशीच हाडातल्या पेशींसारख्या वागू लागतात.

चौथी खूण ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपते. १९८९ साली जर्मनीत ह्यूगो काटुस यांनी रक्तातले ट्रोपोनिन टी मोजण्याची पद्धत दिली आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्याचे उत्तम साधन हाती आले. पण डायलिसिसच्या रोग्यांनी डॉक्टरांना कोड्यात टाकले. छातीत कळ नाही, घाम नाही, आणि तरी आकडा चढलेला! २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत ७३३ रोग्यांचे रक्त तपासले. शंभरातल्या ८२ जणांचे ट्रोपोनिन टी निरोगी माणसाच्या मर्यादेच्या वर होते. प्रथम वाटले, मूत्रपिंडे चालत नाहीत म्हणून नुसते साचत असेल. पण पुढची दोन-तीन वर्षे पाहिल्यावर कळले की, आकडा जितका मोठा तितके मृत्यू अधिक. म्हणजे ती खोटी घंटा नव्हती. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डायलिसिस रोग्यांतला धोका अजमावण्यासाठी या तपासणीला मान्यता दिली. यातून व्यवहाराचा धडा असा : अशा रोग्याचा एकच आकडा पाहून झटका आला म्हणू नये आणि नाही असेही म्हणू नये. त्याचा स्वतःचा जुना आकडा काय होता, आणि काही तासांत तो चढतो की स्थिर राहतो, हे पाहावे लागते. म्हणून जुने कागद फेकू नका. दुसऱ्या गावी रात्री-अपरात्री नेण्याची वेळ आली तर ती फाइल आधी उचला.

एवढे झाल्यावर विद्यार्थी म्हणाला, "मग गुरुजी, सोपं आहे. जो आकडा बिघडला तो औषधानं दुरुस्त केला की झालं!"

श्रोतेहो, नेमके असेच पुष्कळ मोठ्या डॉक्टरांनाही वाटले होते. आणि येथेच या इतिहासातला सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे.

मूत्रपिंडाच्या रोग्यांचे रक्त कमी असते. ज्यांचे रक्त कमी त्यांचे हृदय लवकर थकते. १९८०-९० च्या दशकात रक्त वाढविणारे एरिथ्रोपोएटिन हे औषध आले, आणि त्याने रोग्यांचा थकवा खरोखर गेला. मग विचार आला, रक्त अगदी निरोगी माणसाइतके केले तर? हृदयविकार असलेल्या १,२३३ डायलिसिस रोग्यांवर अमेरिकेत प्रयोग झाला. निम्म्यांचे रक्त निरोगी पातळीवर नेले, निम्म्यांचे मध्यम ठेवले. १९९८ साली निकाल आला. ज्यांचे रक्त पूर्ण वाढविले त्यांच्यात १८३ मृत्यू, मध्यम ठेवले त्यांच्यात १५०. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. आकडा सुधारला, माणसे सुधारली नाहीत.

कोलेस्टेरॉलचेही तसेच. इतर लोकांत ते कमी केले की हृदयविकार टळतात, हे पक्के ठाऊक. जर्मनीत डायलिसिसवरच्या १,२५५ मधुमेही रोग्यांवर प्रयोग झाला, २००५ साली निकाल आला. औषधाने वाईट कोलेस्टेरॉल चाळीस टक्क्यांहून अधिक उतरले. पण झटके आणि हृदयविकाराचे मृत्यू? औषध घेणाऱ्यांत शंभरात ३७, न घेणाऱ्यांत ३८. २००९ साली २,७७६ रोग्यांवरच्या दुसऱ्या प्रयोगातही तसेच घडले. कारण असे दिसते की, या रोग्यांचे मृत्यू नुसती चरबी साचून होत नाहीत. चुना, जाड झालेले हृदय आणि चुकणारा ठोका ही कारणे तेथे मोठी आहेत. होमोसिस्टीन नावाच्या आणखी एका पदार्थाचा आकडा जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रांनी उतरवून पाहिला. २००७ साली कळले, त्यानेही आयुष्य वाढत नाही.

न्यायशास्त्रातला धूर आणि अग्नीचा दाखला शिक्षक मंडळींना ठाऊकच आहे. धूर दिसला की विस्तव आहे असे ओळखावे. पण पंख्याने धूर उडवून लावला म्हणून विस्तव विझत नाही! रक्तातल्या काही खुणा या धुरासारख्या असतात, काही स्वतःच निखारा असतात. कोणती कोणत्या जातीची, हे नुसत्या तर्काने कळत नाही. माणसांचे दोन गट करून, वर्षानुवर्षे नोंदी ठेवून, प्रामाणिकपणे मोजावे लागते. ज्या हजारो रोग्यांनी अशा प्रयोगांत भाग घेतला त्यांचे आपल्यावर ऋण आहे. मात्र एक ऐका : यावरून कुणी आपले चालू औषध परस्पर बंद करू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध त्या त्या माणसाचा विचार करून दिलेले असते.

मग हातात करण्यासारखे काय? पुष्कळ आहे. २०११ साली अमेरिकेतल्या ३२,०६५ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस होणाऱ्यांना एकदा तरी दोन दिवसांची सुटी पडते. त्या लांब सुटीनंतरच्या दिवशी मृत्यू, झटके, रुग्णालयात धावपळ, हे सारे इतर दिवसांहून अधिक होते, असे त्यात दिसले. पाणी आणि पोटॅशियम साचण्याचा हा परिणाम. आपल्याकडे कित्येकांना आठवड्यातून दोनच वेळा मिळते; म्हणजे खाडा आणखी लांब. त्यात एखादी पाळी लग्नासाठी, पेरणीसाठी, गाडी चुकली म्हणून हुकली, तर हृदयावर केवढा भार पडत असेल! तेव्हा पाळी चुकवू नये, आणि गावकऱ्यांनी ती चुकू देऊ नये. एखाद्याची गाडी चुकली तर मोटारसायकलवर सोडून येणे, ही त्याच्या हृदयाची सेवाच आहे.

दुसरे असे की, आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची रीत आहे. भावना थोर, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. ज्याची मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत, त्याला प्रेमाने पाजलेले शहाळे जिवावर बेतू शकते. केळ्यांचेही तेच. लोणचे-पापडाने तहान वाढते, तहानेने पाणी, पाण्याने हृदयावर ताण. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात. मागाहून घेतल्या तर अन्नातला फॉस्फरस तोवर आत गेलेला असतो.

माझ्या विद्यार्थ्याबरोबर मी एक वही केली. पाच रकाने आखले : तारीख, वजन, रक्तदाब, पोटॅशियम, फॉस्फरस. अल्ब्युमिन आणि इतर गोष्टी मागच्या पानावर. डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि म्हणाले, हे छान केलेत, आता मला याची चाल दिसते. तेव्हापासून तो स्वतःच भरतो. दोन पाळ्यांमध्ये चार-चार किलो वजन चढायचे, ते आता अडीचवर आले आहे. शाळांतल्या शिक्षकांनी आपल्या गावातल्या अशा रोग्याला एवढी वही आखून दिली, आणि वाचता न येणाऱ्याच्या घरातल्या शाळकरी मुलाला ती भरायला शिकविले, तर त्याला काही पैसा लागत नाही.

परवा तो पुन्हा आला होता. जाताना माझ्या पत्नीने सवयीने शहाळे पुढे केले. तोच हसला आणि म्हणाला, "काकू, हे गुरुजींना द्या. मला अर्धा कप चहा चालेल, तोही वहीत लिहून."